चोपन्नात की शेचाळिसात?

गेल्या पावसाळ्यात, उकाईच्या धरणाची पातळी आज किती चढली हे सुरतकर रोज सकाळी चहाच्या आधी वर्तमानपत्रात पाहत होते त्या दिवसांत, उधन्याच्या एका अरुंद गल्लीतील परिचित कुटुंबाकडे मी गेलो होतो. हे कुटुंब मूळचे अमळनेरकडचे. घरधनी तीस वर्षे लूमच्या खात्यात, आणि घरच्या बाई साड्यांना टिकल्या लावण्याचे काम घरीच बसून करणाऱ्या. खाटेवर त्यांनी आपली दवाखान्याची फाइल उलगडून ठेवली होती, आणि त्या फाइलीत नसलेला, परंतु मुलाने आदल्या रात्री फोनवर कोठेतरी वाचलेला एक आकडा त्यांच्या मनात घर करून बसला होता. मी टेकतो न टेकतो तोच त्या म्हणाल्या, "भाऊ, पोऱ्या म्हने शंभरात चोपन्न बाया वाचता. मंग मी चोपन्नात का शेचाळीसमधी?"

या प्रश्नाला त्या क्षणी मी जे उत्तर दिले ते अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाची भरपाई करावी या हेतूनेच हा लेख लिहीत आहे. ज्यांच्या घरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आजार आला आहे, ज्यांनी किमो आणि शेक हे दोन्ही एकत्र घेतले आहेत किंवा आता घ्यावयाचे आहेत, आणि ज्यांच्यासमोर कोणीतरी पाच वर्षांचा एखादा आकडा ठेवला आहे, अशा वाचकांना तो आकडा कसा वाचावा, त्यातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही. त्यांना कोणते प्रश्न विचारावेत हे मात्र यातून कळावे.

ज्याला आपल्याकडील बायका 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. तो अगदी प्रारंभी सापडला तर शस्त्रक्रियेने काढता येतो; परंतु आजूबाजूच्या भागांत पसरल्यावर शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते आणि मुख्य भिस्त किरणोपचारांवर राहते. गुजरातेत गुजराती असो वा मराठी, सारेच किरणोपचारांना 'शेक' म्हणतात. बाहेरचा शेक यंत्राखाली निजवून आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच आठवडे देतात; त्याच आठवड्यांत दर आठवड्याला एकदा सिस्प्लाटिन हे किमोचे औषध शिरेतून चढवतात, ज्याची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ४० मिलिग्रॅम असते; आणि अखेरीस आतला शेक, म्हणजे किरणांचा स्रोत योनिमार्गाने गाठीच्या अगदी जवळ नेऊन दिलेली मात्रा. औषध येथे स्वतंत्रपणे रोग मारण्यासाठी मुख्यतः नसून किरणांच्या घावाला धार आणण्यासाठी असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे दोन्ही उपचार एकाच वेळी का देतात याचा उलगडा होतो.

आता तो चोपन्नाचा आकडा. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाच अभ्यासांच्या आधारे डॉक्टरांना सूचना दिली की या रोगात किरणोपचारांबरोबर सिस्प्लाटिनचा विचार अगत्याने व्हावा. तथापि पुढे अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, आणि २००८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की एकंदरीत पाच वर्षांच्या जगण्यात सुमारे सहा टक्क्यांची भर पडते खरी, पण ती भर प्रारंभीच्या टप्प्यांत अधिक आणि तिसऱ्या व त्यापुढील टप्प्यांत जेमतेम तीन टक्के. आपल्याकडील बायका तर फार मोठ्या संख्येने तिसऱ्या टप्प्यातच दवाखान्याची पायरी चढतात. मग त्यांच्या नशिबी या जादा औषधाचा त्रासच तेवढा यावयाचा की काय, या प्रश्नाचा निकाल लावण्याचे काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अंगावर घेतले. डॉ. श्याम किशोर श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २०११ या काळात ३-बी टप्प्यातील ८५० स्त्रियांची नोंद केली, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांची दोन गटांत विभागणी केली, एका गटाला केवळ शेक आणि दुसऱ्याला शेकाबरोबर सिस्प्लाटिन दिले, आणि २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी केवळ शेक घेतलेल्यांपैकी शंभरी ४६ हयात होत्या. दोन्ही घेतलेल्यांपैकी ५४. उधन्याच्या त्या मुलाला सापडलेला आकडा हाच.

हा अभ्यास परळच्या रुग्णालयात, आपल्यासारख्याच घरांतून, पुष्कळदा रेल्वेने दूरवरून आलेल्या स्त्रियांवर झाला याचे मोल मला फार वाटते. परदेशी स्त्रियांचे आकडे आपल्या वहिनींना लावताना मनात जी शंका उरते, ती येथे बरीच कमी होते.

तरीही हा आकडा वाचताना पहिली गल्लत होते ती अशी. एखादा म्हणेल, औषधाने मृत्यूचा धोका जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटला. दुसरा म्हणेल, शंभरात आठ बायका जास्त वाचल्या. दोघेही खरे बोलत आहेत आणि एकाच अभ्यासाविषयी बोलत आहेत, परंतु ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम किती निराळा! घरातल्या माणसांनी नेहमी दुसऱ्या प्रकारचा हिशेब मागावा: शंभर बायकांमध्ये किती, आणि कशाच्या तुलनेत. या अभ्यासापुरता तो हिशेब असा की, शेकाबरोबर औषध दिलेल्या साधारण बारा-तेरा स्त्रियांमागे एक अशी स्त्री पाच वर्षांनी हयात असते, जी नुसत्या शेकाने राहिली नसती. उरलेल्यांपैकी पुष्कळ जणी औषध नसतेही तरी बऱ्या झाल्या असत्या, आणि काही जणी दोन्ही घेऊनही गेल्या. त्याच औषधापायी रक्तातील पेशी घटण्याचा त्रास त्या गटात अधिक झाला, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे. मूत्रपिंडे दुर्बल असली, वय फार झालेले असले किंवा रक्त अतिशय कमी असले, तर डॉक्टर औषध टाळून केवळ शेकावर भर देतात. अशा वेळी आपल्याला निकृष्ट इलाज मिळाला अशी खंत कुटुंबाने बाळगू नये, कारण मूळ आधार शेकाचाच आहे आणि ४६ हा आकडा केवळ त्याचा आहे.

दुसरी गोष्ट, 'वाचल्या' या शब्दात दोन निरनिराळे अर्थ दडलेले असतात: पाच वर्षांनी जिवंत असणे हा एक, आणि पाच वर्षे रोग परत न येता जिवंत असणे हा दुसरा. हा भेद किती महत्त्वाचा आहे हे टाटा रुग्णालयाच्याच दुसऱ्या एका अभ्यासातून दिसते. डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्याहून आधीच्या टप्प्यांतील ६३३ स्त्रियांचा पडताळा घेतला. एका गटाला आधी किमो देऊन मग मोठी शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किमो व शेक एकत्र. पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के आणि एकत्र उपचारांच्या गटात ७६.७ टक्के, हा फरक लक्षणीय होता. मात्र जिवंत असलेल्यांचे प्रमाण ७५.४ आणि ७४.७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे. रोग परतलेल्या काही जणींना पुढील उपचारांनी वाचवता आले, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. जिला रोग परतल्यानंतरच्या दुसऱ्या इलाजाचा भोग टाळावयाचा आहे तिच्या दृष्टीने पहिला आकडा मोलाचा. केवळ आयुष्याची लांबी पाहणाऱ्याला दुसरा पुरेसा वाटेल. म्हणून आकडा सांगणाऱ्याला विचारावे की हा रोगमुक्तीचा आहे की हयातीचा.

तिसरी गल्लत निरनिराळे आकडे एका रांगेत मांडून तुलना करण्याची. युरोप, आशिया व उत्तर अमेरिकेतील २४ केंद्रांत २००८ ते २०१५ या काळात झालेल्या 'एम्ब्रेस' अभ्यासात, ज्यात आतला शेक एमआरआयच्या प्रतिमेवर नेम धरून दिला गेला, पाच वर्षांनी ७४ टक्के स्त्रिया हयात होत्या. ७४ मोठे की ५४? प्रश्नच चुकीचा आहे. कारण पहिल्यात प्रारंभीच्या टप्प्यांतल्या स्त्रियाही होत्या आणि दुसऱ्यात सर्व ३-बी टप्प्यातल्या. मूळ जागी रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण त्या अभ्यासात ९२ टक्के आढळले, आणि नेमका आतला शेक किती प्रभावी असतो याचा तो भक्कम पुरावा आहे, एवढाच बोध घ्यावा. शिवाय टप्पा ठरविण्याचे नियम २०१८ साली बदलले. पोटातील लसिकाग्रंथींत रोग आढळल्यास आता ३-सी म्हणतात. पूर्वी दुसऱ्या टप्प्यात गणली गेली असती अशी स्त्री आज कागदावर तिसऱ्या टप्प्यात असू शकते. शेजारणीच्या कागदावरचा टप्पा आणि आपल्या कागदावरचा टप्पा एकाच अक्षराचा असला तरी साल पाहिल्यावाचून त्यांची सांगड घालू नये.

याच संदर्भात 'आणखी किमो घेतला तर आणखी बरे होईल का' हा प्रश्न सुरतेतील दवाखान्यांच्या बाकांवर मी अनेकदा ऐकला आहे. ९१९ स्त्रियांच्या 'आउटबॅक' अभ्यासात एकत्र उपचार संपल्यानंतर जादा किमो दिला गेला, आणि पाच वर्षांच्या हयातीत फरक पडला नाही: ७२ आणि ७१ टक्के. उलट ५०० स्त्रियांच्या 'इंटरलेस' अभ्यासात, ज्यात भारतातील स्त्रियाही होत्या, एकत्र उपचारांच्या आधी सहा आठवडे कार्बोप्लाटिन व पॅक्लिटॅक्सेल दिले, आणि हयातीचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेले. औषध तेच, पण आधी की नंतर याने सारा निकाल पालटला. ज्यांचे उपचार संपले आहेत त्यांनी मागाहून जादा किमोचा आग्रह धरू नये. ज्यांचे अद्याप सुरू व्हावयाचे आहेत त्यांनी आपल्या बाबतीत आधीचा किमो योग्य आहे काय, हे अवश्य विचारावे.

आता मी त्या भागाकडे वळतो जो आकड्यांच्या कोष्टकात दिसत नाही, आणि जो कुटुंबाच्या हातात आहे. बाहेरचा व आतला शेक मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांच्या आत, म्हणजे ५६ दिवसांत पुरे व्हावेत असा दंडक आहे. उपचार त्यापलीकडे लांबले तर प्रत्येक जादा दिवसागणिक रोग आटोक्यात राहण्याची शक्यता अर्ध्या ते एका टक्क्याने घटते, असे जुन्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. आता हा हिशेब औषधाने मिळणाऱ्या आठ टक्क्यांशेजारी ठेवून पाहा. आखाजीला माहेरी जाऊन यावे म्हणून दहा दिवस, भाच्याच्या लग्नासाठी चार दिवस, खाती बंद म्हणून सारे कुटुंब नंदुरबारकडे गेले त्यात आणखी आठवडा, असे खाडे करणारी स्त्री सिस्प्लाटिनने मिळविलेले सारे गमावून बसू शकते. बाहेरचा शेक संपला, रक्त थांबले, वास गेला, बरे वाटू लागले, की 'आतला शेक कशाला' म्हणून काही जणी परतच जात नाहीत. ही तर सर्वांत मोठी चूक, कारण खरी बरे करणारी मात्रा त्या शेवटच्या बैठकांत असते. सासूबाईंनी, नणंदेने, शेजारणीने त्या आठ आठवड्यांत घरचा स्वयंपाक आणि पोरे सांभाळली तर ती मदत औषधाच्या तोलाची आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

उपचार संपल्यावर निकाल लगेच पाहण्याची घाई करू नये. सुजलेले भाग शांत व्हावयास वेळ लागतो, म्हणून पेट-स्कॅन साधारण तीन महिन्यांनंतर करतात. त्यानंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, आणि पुढे दर वर्षी तपासणी, असा सामान्य क्रम आहे. रोग परतावयाचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. अंगावरून पुन्हा रक्त वा दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, एकाच पायाला सूज येणे, कंबरेत वा मांडीत न थांबणारी कळ, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावे.

परंतु उपचारांच्या दूरगामी परिणामांत केवळ रोग परतणे किंवा न परतणे एवढेच येत नाही. शेकाची खूण शरीरावर वर्षानुवर्षे राहते, आणि याविषयी आपल्याकडे बायका बोलत नाहीत, डॉक्टरांना विचारावयास वेळ नसतो, आणि नवऱ्याला सांगावयाची लाज वाटते. शौचावाटे रक्त पडणे हे सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते. ते पाहून कर्करोग परतला असे समजून घर हवालदिल होते, पण पुष्कळदा ते किरणांनी गुदाशयाच्या अस्तराला झालेल्या इजेमुळे असते आणि त्यावर उपचार आहेत. येथे एक फार कामाची सूचना: दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना 'माझा पोटाचा शेक झाला आहे' हे आधी सांगावे, कारण अशा ठिकाणचा तुकडा विनाकारण काढल्यास जखम भरत नाही आणि क्वचित भोक पडण्यापर्यंत मजल जाते. लघवीतून रक्त जाण्याचा त्रास तर बऱ्याच वर्षांनंतरही उद्भवतो. योनिमार्ग आखडतो व कोरडा पडतो. उपचारांनंतर काही आठवड्यांनी डॉक्टरांनी दाखविल्याप्रमाणे विस्फारक (डायलेटर) नियमाने वापरल्यास हे आखडणे बरेच टाळता येते, संसार पुन्हा सुरळीत होतो, आणि पुढच्या तपासण्याही सुसह्य होतात. ज्या तरुण स्त्रियांचे बीजांडकोश शेकाच्या क्षेत्रात आले त्यांची पाळी कायमची जाते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे परिणाम, आणि त्यावर संप्रेरकांचे उपचार आपल्याला चालतील काय हे विचारावयास हवे. कंबरेच्या हाडाला पडलेली बारीक चीरही कधी कधी कर्करोगाच्या गाठीसारखी भासते.

म्हणून उपचार संपताना रुग्णालयातून एक कागद मागून घ्यावा, ज्यावर टप्पा, बाहेरच्या शेकाची एकूण मात्रा व फेऱ्या, आतल्या शेकाच्या बैठका, सिस्प्लाटिनच्या खेपा, आणि सुरुवातीची व शेवटची तारीख लिहिलेली असेल. दहा वर्षांनंतर कुठल्याही डॉक्टरांना हा एक कागद शंभर कागदांपेक्षा अधिक सांगतो. त्याच्या दोन प्रती काढून एक गावी ठेवावी.

आता पुन्हा त्या उधन्याच्या बाईंच्या प्रश्नाकडे. चोपन्न हा आकडा उपचारांच्या प्रारंभी एका रेषेवर उभ्या असलेल्या शंभर स्त्रियांविषयी आहे. त्यांतली कोण कोणत्या बाजूला जाईल हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, आणि आकडा ते सांगतही नाही. पण बाईंनी फाइलीतला कागद पुढे केला तेव्हा दिसले की त्यांचा शेवटचा शेक दोन वर्षे तीन महिन्यांपूर्वी झाला होता, सर्व उपचार ५१ दिवसांत पुरे झाले होते, आणि गेल्या तपासणीत रोगाचा मागमूस नव्हता. म्हणजे त्या आता त्या पहिल्या दिवसाच्या शंभरांत राहिल्याच नाहीत. ज्या काळात रोग बहुधा परततो त्यातला मोठा भाग त्यांनी ओलांडला आहे, आणि अशा स्त्रियांचा पुढचा आकडा चोपन्नाहून निश्चितच मोठा असतो. हे मी त्यांना पुढल्या भेटीत सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मंग तारीख चुकवायची नाही ना भाऊ?"

नाही, चुकवावयाची नाही. आणि याला आणखी एक कारण आहे. दिवाळीला सुरतेच्या पेढ्यांवर चोपडापूजन होते तेव्हा जुन्या वहीतील ज्या खातेदाराचा ठाव लागत नाही त्याची बाकी तशीच अधांतरी पुढे ओढली जाते. या अभ्यासांच्या वह्यांतही तसेच घडते. टाटाच्या त्या ८५० स्त्रियांचा पाठपुरावा मध्यकाने ८८ महिने, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ झाला, म्हणूनच त्या निकालावर जग विसंबते. जी स्त्री खोली बदलून लिंबायतहून दिंडोलीला गेली, किंवा फोनचा क्रमांक बदलून कायमची गावी परतली, ती बरी आहे की गेली हे वहीला कळत नाही, आणि अशा स्त्रिया जितक्या अधिक तितका आपल्यासारख्यांविषयीचा आकडा अंधुक होतो. तुम्ही पूर्ण बऱ्या असलात, काही दुखत नसले, तरी तपासणीला जा. आणि जाणे अगदीच शक्य नसेल तर निदान दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर आपला नवा पत्ता आणि नवा फोन क्रमांक लिहवून या.